सरांनी लपवलेला डाग

१४ जानेवारी २०२३, शनिवार

सरांच्या ऑपरेशनला आज पाच दिवस झाले. काल आयसीयूतून वॉर्डात आणलं. उजवा हात-पाय जड, बोलणं एकेक शब्द शोधून. पण डोकं शाबूत आहे. शुद्ध तपासायला नर्सने विचारलं, "काका, सतरा अधिक आठ किती?" तर म्हणाले, "आधी तुम्ही सांगा. मी तपासतो."

चाळीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे मॉडरेटर. म्हणजे एकाने तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासणारे. माझ्या नवऱ्याला सोसायटीत सगळे 'सर' म्हणतात, या वहीतही मी सरच लिहीत आले आहे. दोन तारखेला भाजीवाल्यासमोर फिट येऊन कोसळले, तिथून सगळं सुरू झालं. मेंदूत डाव्या बाजूला पुढे गाठ. तुकडा तपासायला गेलाय.

भोगीची भाजी कोणी केली नाही, लेकीला, मृणालला, डब्यातली पोळी दिली. बिचारी बंगलोरहून धावत आली आहे आणि दिवसभर भेटायला येणाऱ्यांना चहा पाजते आहे. येणारा प्रत्येकजण कारण घेऊन येतो. समोरच्या वहिनींच्या मते गच्चीवरचा मोबाइल टॉवर. सरांचा पुतण्या म्हणतो मायक्रोवेव्ह. (आमच्याकडे मायक्रोवेव्ह नाही, हे त्याला सांगितलं. तरी थोडा वेळ विचार करून म्हणाला, शेजारचा असेल.) एक बाई तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फार ताण होता का हो घरात?"

हो. आता वाढलाय.

१७ जानेवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. चौथी ग्रेड. याच्या पुढे ग्रेड नसते.

सर्जन चार मिनिटं बोलले. घड्याळ समोरच होतं. "दिसत होती तेवढी काढली आहे." मी विचारलं, दिसत नव्हती ती? म्हणाले, "ती राहणारच. या गाठीला काठ नसतो. पेशी धाग्याधाग्यांतून लांबपर्यंत गेलेल्या असतात. सगळ्या काढायच्या तर मेंदू काढावा लागेल." मग हसले. विनोद असावा.

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये तीस वर्षं स्लाइड्स बनवल्या मी. पेशी मला नवीन नाही. पण त्यांनी कागदावर लिंबाएवढं वर्तुळ काढून दाखवलं, जसं काही मी पहिलीत आहे. किती दिवस, असं मृणालने विचारलं. "महिन्यांच्या भाषेत बोलूया," म्हणाले. कुणाची ही भाषा? कोण बोलतं असं?

सरांना फक्त "गाठ वाईट आहे" एवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "तपासणारा कोण?"

२० जानेवारी, शुक्र.

घरी आणलं. लिफ्ट बंद. चेअरमनना फोन केला तर म्हणाले, मेंटेनन्सवाल्याला कळवलंय. मी म्हटलं, त्याला वर राहायला बोलवा, मग कळेल. चौघांनी खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. सर वरून सूचना देत होते. डावीकडे, उजवीकडे, सावकाश.

हडपसरहून दादा आला होता, माझा थोरला भाऊ. शेती गेली, बिल्डरने टॉवर बांधले, तरी हा सकाळी उठून कंपाउंडच्या कडेचं गवत खुरपतो. त्याला काठ नसलेल्या गाठीचं सांगितलं. म्हणाला, "म्हंजे हरळी हाय ती. वरनं किती बी खुरपा, खाली कांड्या राहत्यातच." सर्जनपेक्षा याने नीट सांगितलं, आणि हसला नाही.

२४ जाने., मंगळ.

किरणोपचाराच्या डॉक्टरांकडे. चेहऱ्याचा जाळीचा साचा बनवला, दर वेळी डोकं त्याच जागी धरून ठेवायला. सर त्यात फार लहान दिसत होते.

डॉक्टर माणूस बरा आहे, नजर देऊन बोलतो. म्हणाला, वय चौसष्ट, उजवी बाजू कमजोर आणि गाठ चौथ्या ग्रेडची. नेहमीचे सहा आठवडे नकोत, तीन आठवड्यांचा छोटा कोर्स देऊ. बरोबर गोळ्या. मी विचारलं, सहा का नाहीत? म्हणाला, "काकू, जेवढा वेळ आहे त्यातला निम्मा हॉस्पिटलात कशाला घालवायचा?"

चांगल्या मनाने म्हणाला. तरी मला ते 'कशाला' घशाखाली उतरलं नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना तेच डोक्यात, तीन पोळ्या करपवल्या.

सोमवार तीसपासून सुरू.

२६ जाने., गुरुवार

आजचं सगळं क्रमाने लिहून ठेवते.

सकाळी खाली झेंडावंदन. सरांना खिडकीत बसवलं. सासूबाईंची जुनी कमोडची खुर्ची माळ्यावर आहे, ती काढायला स्टुलावर चढले. खुर्चीच्या मागे सरांची बोर्डाची कापडी पिशवी. तिच्यात तीन मोठी पाकिटं. एमआरआयच्या फिल्म.

पहिलं पाकीट जुलै २०१४. नाव यांचं. वय पंचावन्न. रिपोर्टमध्ये डाव्या बाजूला पुढे लहानसा डाग, सौम्य गाठ असण्याची शक्यता, लक्ष ठेवावे. कारण: 'फिट आल्याचा इतिहास'.

दुसरं जानेवारी २०१५, तिसरं जानेवारी २०१६. डाग तेवढाच. खाली 'दर वर्षी पुन्हा करावे'. चौथं पाकीट नाही.

चौदा सालच्या जूनपासून मी मृणालच्या बाळंतपणाला बंगलोरला होते. तीन महिने. रोज रात्री फोन व्हायचा. "जेवलात का?" "जेवलो." नात आता नऊ वर्षांची होईल.

मी स्टुलावरच बसून राहिले. खाली राष्ट्रगीत चालू होतं.

आणि दोन तारखेला भरती करताना फॉर्मवर 'पूर्वी कधी फिट आली होती का', 'मेंदूचा पूर्वीचा आजार', त्यापुढे मी ठणकावून 'नाही' सांगितलं. सही केली माझी. मला खोटं बोलायला लावलं या माणसाने, आणि शेजारी स्ट्रेचरवर डोळे मिटून पडले होते.

२७ जाने., शुक्र.

मृणालला सकाळी बंगलोरला रवाना केलं, तिच्या पोरीची परीक्षा आहे. तिला काही सांगितलं नाही. दार लावलं आणि तिन्ही फिल्म त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

घाबरतील असं वाटलं होतं. नाही. चष्मा मागितला आणि पाकिटांवरच्या तारखा बघितल्या.

मी: हे काय आहे?
"फिल्म."
मी: डॉक्टरांना का नाही दाखवल्या?
मग, एकेक शब्द शोधत, पण पूर्ण वाक्य: "दुसऱ्या परीक्षकाला... पहिल्याचे गुण... दिसता कामा नयेत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि वाटलं, भांडी फोडावीत. पहिल्यांदा तपासलेले गुण दिसले की दुसरा तपासनीस त्याच्या आसपासच गुण देतो, स्वतः वाचत नाही. म्हणून गुण झाकून द्यायचे. आयुष्यभर हा नियम पाळला आणि दुसऱ्यांना पाळायला लावला. तो आता डॉक्टरांना लावला! कोरी पाटी दिली की निर्णय निर्मळ येईल.

मी म्हटलं, अहो, ही दहावीच्या पोराची उत्तरपत्रिका आहे का?
म्हणाले, "तत्त्व... तेच."

आणि मला? मी कुठली परीक्षक? मला नऊ वर्षांत का नाही सांगितलं?
"तू विचारलं नाहीस."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ पूर्ण सोडला आणि जे तोंडाला आलं ते बोलले. बाहेर आले तर हे फिल्म पाकिटात घालायचा प्रयत्न करत होते, डाव्या हाताने, आणि जमत नव्हतं. मी घालून दिल्या. तेवढ्यापुरती दया आली, मग पुन्हा संताप.

२८ जाने., शनि.

देवधरांना फोन केला. सरांचे बोर्डातले जुने मित्र, नारायण पेठेत राहतात. चौदा साली फिट आल्यावर रिक्षातून हॉस्पिटलात नेणारे हेच निघाले.

"वहिनी, त्यांनी मला शपथ घातली होती."
मी म्हटलं, देवधर, तुम्ही नऊ वर्षं माझ्याकडे दर दिवाळीला फराळ केलात.
"हो वहिनी."
चकली हातात घेताना एकदाही जीभ वळवळली नाही तुमची?
"आपण म्हणता ते बरोबर आहे." असा माणूस. याच्याशी भांडताही येत नाही.

त्यांच्याकडून कळलेलं: चौदाच्या जूनमध्ये, निकालानंतरची पुनर्तपासणी चालू असताना सर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर कोसळले होते. मेंदूच्या डॉक्टरने फिटच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्या मी पाहिल्या आहेत! 'अ‍ॅसिडिटीच्या' म्हणून तीन वर्षं डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी होत्या. स्कूटरही म्हणूनच विकली. मला सांगितलं होतं, पुण्याच्या ट्रॅफिकला कंटाळलो. मी त्यावरून किती टोमणे मारले, माझी पिशव्या घेऊन बसची ओढाताण, आणि हे ऐकून घेत राहिले. गाडी चालवताना फिट येऊन मागे बसलेली मी मरू नये, म्हणून विकली होती. याचाही राग येतोय. कशाकशाचा राग यायचा माणसाने!

चौथ्या वेळी का गेले नाहीत, हे देवधरांनी त्यांना तेव्हा विचारलं होतं. उत्तर: "तीनदा तेच उत्तर आलं. म्हणजे उत्तर बरोबर आहे."

गणितात असेल.

३० जाने., सोमवार

आज किरणं सुरू होणार होती. मी फोन करून सांगितलं, ताप आहे, उद्या आणते. ताप नव्हता. या घरात आता सगळेच खोटं बोलायला लागलेत.

सरांना म्हटलं भाजी आणते, आणि फिल्म घेऊन रिक्षाने हॉस्पिटल. किरणांच्या डॉक्टरांनी पहिली फिल्म लाइटवर लावली. तारीख वाचली. दुसरी लावली. तिसरी. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"हे आधी का नाही दिलंत?"
मी काय सांगू? मॉडरेटर आहेत म्हणून?

पुढे ते म्हणाले ते जसंच्या तसं लिहून ठेवते. "काकू, यात चांगली बातमी असू शकते."

ही गाठ दोन वाटांनी होते म्हणे. एक जात सुरुवातीपासूनच वेगवान, काही महिन्यांत शून्यातून चौथ्या ग्रेडला. दुसरी जात वर्षानुवर्षं सौम्य राहते आणि मग बिघडते. शेवटाला दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. पण चाल वेगळी, औषधाला दाद देणं वेगळं. दुसरी असेल तर पूर्ण सहा आठवडे किरणं, गोळ्या जास्त महिने, आणि 'महिन्यांची भाषा' कदाचित बदलता येईल. डाग नऊ वर्षांपूर्वी त्याच जागी होता, म्हणजे दुसरी असण्याची शक्यता उभी राहते. नक्की नाही. तो डाग वेगळाच काही असू शकतो.

म्हणजे मी आता देवाकडे काय मागायचं? की माझ्या नवऱ्याच्या डोक्यात नऊ वर्षं गाठ असू दे? लपवली ती खरीच असू दे? मी तिथेच मोठ्याने म्हटलं हे. डॉक्टर म्हणाले, "हो, साधारण तसंच."

त्यांनी वरच्या मजल्यावर पॅथॉलॉजीच्या बाईंकडे पाठवलं. त्या नव्हत्या. उद्या.

भाजी न घेता घरी आले. सरांनी रिकामी पिशवी बघितली आणि काही विचारलं नाही. हा या घरचा रिवाजच आहे.

३१ जाने., मंगळ.

पॅथॉलॉजीच्या बाई चाळिशीच्या, तुटक बोलणाऱ्या. आवडल्या मला. मी लॅबमधली आहे कळल्यावर म्हणाल्या, "मग बसा, बघा." आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला.

तीस वर्षं कांद्याची साल आणि मुळांची टोकं बघितली. आज नवऱ्याचा मेंदू. गुलाबी-जांभळा. केंद्रकं दाटीवाटीने, लहान-मोठी, वेडीवाकडी. मधे मधे मेलेला भाग, आणि त्याच्या कडेने पेशींची रांग, जणू तिथून पळून बाहेर पडताहेत. रक्तवाहिन्यांचे गुच्छ, नको तिथे नको तेवढे. बाई शेजारी बोलत होत्या. मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यातलीच एखादी बिघडते. विभागताना आतल्या जनुकांच्या मजकुराची नक्कल होते, तिच्यात एक चूक. मोबाइलने नाही, मायक्रोवेव्हने नाही, मनाला लावून घेतल्याने नाही. बहुतेकांत कारण सापडतच नाही. ती पेशी मरत नाही, तिच्या सगळ्या लेकींना तीच चूक मिळते. सावकाश प्रकारात पहिल्या चुकीनंतर वर्षंच्या वर्षं फार काही होत नाही. मग एका लेकीत दुसरी चूक होते, तिच्या लेकीत तिसरी, आणि त्यातली एखादी शाखा सुसाट सुटते.

"म्हणून एकाच गाठीत सगळ्या पेशी सारख्या नसतात," म्हणाल्या. "औषधाने काही मरतात, काहींना काही होत नाही. त्या उरलेल्याच पुढे गाठ धरतात. शिवाय बरीच औषधं रक्तातून मेंदूत शिरतच नाहीत."

मी विचारलं, मग त्या पहिल्या चुकीची तपासणी तुम्ही केली नाहीत? हे मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

केली होती. एक रंग लावून बघतात, तो 'नाही' आला. पण तो रंग त्या चुकीचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकारच ओळखतो. बाकीचे प्रकार शोधायला जनुकं वाचावी लागतात. पेशंट पंचावन्नच्या पुढचा असेल, रंग 'नाही' म्हणत असेल आणि आधीचा काही इतिहास नसेल, तर वाचत नाहीत. सापडायची शक्यता फारच कमी म्हणून.

"इतिहास असता तर?"
"तर त्याच दिवशी पाठवलं असतं." मग माझा फॉर्म काढून दाखवला. 'पूर्वी कधी फिट: नाही.' खाली माझी सही. "आम्ही यावर चालतो, काकू. स्लाइडला तारीख नसते."

मला त्यांचा राग यायला हवा होता, म्हणूनच गेले होते. तो घेऊन जायला आता जागाच उरली नाही.

एक विचारलंच. चौदा सालीच काढली असती तर? म्हणाल्या, "जास्त वर्षं मिळाली असती असं वाटतं. परत आलीच नसती असं म्हणता येणार नाही." मी आभार मानले आणि जिन्यात बसले.

१ फेब्रुवारी, बुध.

जनुकं वाचायला पाठवायचं तर पेशंटची संमती लागते. म्हणजे यांना सांगणं भाग.

सांगितलं. फॉर्म पुढे ठेवला. सर संतापले! उजवी बाजू पडलेला माणूस संतापतो कसा ते बघायला मिळालं. "माझ्या मागे... जाऊन... दाखवलंस!"

मी म्हटलं, हो. तुम्ही माझ्या मागे नऊ वर्षं काढलीत, मी दोन दिवस.

"आता तो... त्याच नजरेने... बघणार."
मी म्हटलं, बघू दे ना! त्यासाठीच नजर असते. तुम्ही उत्तर झाकलं नाहीत, प्रश्नच झाकलात. अर्धा प्रश्न छापून पोरांना पेपर दिला असता तर बोर्डाने काय केलं असतं तुमचं?

मग पेन मागितलं. डाव्या हाताने सही केली, वाकडी. खाली स्वतःच एक ओळ घालायला लागले. मला वाटलं हरकत घेताहेत. 'पहिली फिट: १८ जून २०१४. त्यापूर्वी सुमारे वर्षभर अधूनमधून जळकट वास येत असे, जो इतरांना येत नसे.' एवढं लिहायला अर्धा तास लागला.

तो जळका वास! स्वयंपाकघरात येऊन म्हणायचे, "काहीतरी लागलंय." आणि मी चिडायचे, की माझ्या स्वयंपाकात खोड काढतात.

गाठ मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवतात, त्यातले काप आज दुपारी जनुकं वाचायला गेले. दोन-अडीच आठवडे लागतील. किरणांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू करायला हवं, म्हणजे वीस तारखेपर्यंत थांबता येईल. तीन आठवड्यांचा कोर्स की सहाचा, ते रिपोर्ट बघून. तोवर उजव्या बाजूचे व्यायाम. ताकद आली तर सहा आठवडे झेपतील.

४ फेब्रु., शनि.

व्यायाम. चेंडू दाबायचा, दहादा. सर आठला थांबतात आणि दहा म्हणतात. मी म्हणते मोजलेत. म्हणतात, "पुनर्तपासणीचा अर्ज... कर."

दादा आला होता. त्याला सगळं सांगितलं, फिल्म, स्कूटर, गोळ्या. वाटलं माझी बाजू घेईल. तो सरांच्या शेजारी बसून त्यांचा हात चोळत राहिला. निघताना दारात मला म्हणाला, "लई वरडू नगंस त्यांच्यावर. आजारी हायती."

आजारी नव्हते तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे तर आजारी आहेत. मी ओरडायचं कधी?

९ फेब्रु., गुरु.

मृणालला फोनवर सांगितलं. रडली. मग तिने विचारलं, "बाबांना आता रिपोर्ट वाईट आला तर सांगायचं नाही ना? तू एकटी जा आणि त्यांना काहीतरी सांग."

तिचे सासरे पण असंच म्हणाले, समोरच्या वहिनीही. सगळे फार प्रेमाने सांगतात. एका माणसाने लपवलं म्हणून आम्ही इथे आलो, आणि उपाय काय, तर आता दुसऱ्याने लपवायचं. मी मृणालला म्हटलं, या घराचा कोटा संपला. तिने फोन ठेवला. दहा मिनिटांनी तिचाच आला, "सॉरी आई."

सर आज भिंतीला धरून बाथरूमपर्यंत गेले. एकटे.

१४ फेब्रु., मंगळ.

चहा. साडेचार. मी पेपर वाचत होते. एकदम म्हणाले, "मला भीती वाटली होती."

कशाची? म्हटलं तर, "तुला सांगितलं असतं... तर ते... खरं झालं असतं."

नऊ वर्षं. तीन एमआरआय. एक स्कूटर. देवधर. तत्त्व, परीक्षक, निर्मळ निर्णय. आणि शेवटी काय, तर भीती वाटली होती! हे तेव्हा बंगलोरला फोन करून सांगता आलं नसतं? मी पहिल्या गाडीने आले असते. मृणालच्या सासूबाई होत्या बाळंतिणीजवळ. मी आले असते. मी यांना दर वर्षी कान धरून त्या मशीनमध्ये घातलं असतं.

हे सगळं बोलले. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "चहा गार झाला." मी तो ओतून दुसरा केला. तो पिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. एकमेकांना पुसून वगैरे दिलं नाही. आम्ही तसले नाही.

१७ फेब्रु., शुक्र. सकाळी ११.२०, हॉस्पिटल

रिपोर्ट आलाय. साडेनऊला किरणांच्या डॉक्टरांकडून फोन. "काकू, आधी तुम्ही एकट्या येता का?" मी विचारलं का? म्हणाले, "नातेवाईकांना आधी सांगायची पद्धत आहे." चांगला असो, वाईट असो, सगळ्यांनाच असं बोलावतात म्हणे. म्हणजे त्यावरूनही काही कळायला मार्ग नाही. मी म्हटलं, दोघं येतो.

बाहेरच्या बाकावर बसलोय. सर काठी घेऊन गाडीपर्यंत चालले. लिफ्ट चालू होती.

बसल्यावर म्हणाले, "तू आत जा. मी... तुझ्या चेहऱ्यावरून ओळखीन." मी म्हटलं, मुळीच नाही. आत दोघं, कागद एक, आणि त्याने एकदाच मोठ्याने वाचायचा. मग म्हणाले, "वाईट असला... तर तू ओरडणार नाहीस?"

लोकांना वाटतं आता राग कशाला, माणूस कुठल्या अवस्थेत आहे. अवस्था मला दिसते, त्यांना पायजमा मीच घालते रोज. पण राग आहे तो आहे. स्कूटरचं अजून नीट भांडून झालेलं नाही. गोळ्यांचं तर सुरूही केलेलं नाही. जळक्या वासाच्या वेळी मी काय काय बोलले ते मला त्यांना एकदा सांगायचंय, आणि त्यांनी ते ऐकून मला उलट बोलायचंय, पूर्ण वाक्यांत, पूर्वीसारखं खोचक. नऊ वर्षांचं भांडण आहे. महिन्यांत कसं संपणार? मला वर्षं हवी आहेत. आत गेल्यावर डॉक्टरने कागद उघडायच्या आधी हे त्याला सांगणार आहे.

सरांनी आत्ता विचारलं, काय लिहितेस. म्हटलं, तुमच्याविरुद्ध. म्हणाले, "तारीख घाल."

नाव पुकारलं. वही पिशवीत टाकते, यांना उठवायला दोन्ही हात लागतात.